पाण्याचं गाणं कुठल्या कपाटात?

माझी हयात पुस्तकांना नंबर देण्यात गेली. उपनगरातल्या एका वाचनालयात मी २९ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षं ग्रंथपाल म्हणून. पुस्तक आलं की दाखलनोंदवहीत चढवायचं, शिक्का मारायचा आणि ड्युईच्या पद्धतीप्रमाणे वर्गांक द्यायचा. धर्माला २००, लोकसाहित्याला ३९८, मराठी साहित्याला ८९१.४६. बाहेरून बघणाऱ्याला हे कारकुनी काम वाटतं. पण पुस्तक ज्या कपाटात जातं, त्या कपाटापाशी येणारा माणूसच ते हातात घेतो. बाकीच्यांच्या लेखी ते नसतंच.

१९९८च्या सुमारास पुस्तकांची मोजदाद करताना २००च्या कपाटात मला एक पातळ पुस्तिका सापडली. सायक्लोस्टाइल केलेली, टाचण्या गंजलेल्या, पुठ्ठा नाही. ख्रिस्ती प्रार्थनागीतांच्या दोन जाड पुस्तकांमधे ती दडपून गेली होती. उघडली, तर आत आमच्या लग्नातली गाणी. तांदूळ कांडतानाची, मांडव घालतानाची, विहिरीवरून पाणी आणतानाची. देवाचं नाव सुरुवातीच्या दोन ओळींत येतं, जसं ते मराठीतल्या कुठल्याही मंगलगाण्यात येतं, आणि पुढचं सगळं गाणं उखळ, मुसळ, आंब्याचा टाळ आणि नवरीची आत्या यांच्याभोवती फिरतं. कित्येक वर्षांत ती पुस्तिका कोणी घरी नेलेली नव्हती. मी तिला ३९८ मध्ये, लोकसाहित्यात आणलं आणि एक जादा तालिकापत्र मराठी कवितेच्या खणात घातलं. त्यावर आक्षेप आला. ‘ख्रिश्चनांचं आहे ना, मग धर्मात होतं तेच बरोबर होतं,’ असं मला सांगण्यात आलं. मी तालिकापत्र काढलं नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलंय. ही मराठी गाणी आहेत, त्यांची जागा मराठीच्या कपाटात आहे आणि त्यांची नोंद आता आवाजासकट व्हायला हवी. गाणाऱ्या बायका ऐंशीच्या घरात पोचल्यात.

मी गोराईची. बोरिवली स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला गोराई म्हटलं, की तो म्हाडाच्या वसाहतीत नेतो. आमची गोराई खाडीपलीकडे. जेट्टीवरून बोट धरायची, विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी कळस दिसायला लागला की घर जवळ आलं. मनोरी, गोराई, कुळवेम, उत्तन ही एका पट्टीवरची गावं. जुन्या कागदपत्रांत या पट्टीचं नाव धारावी बेट, आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत इथला किल्ला मराठ्यांकडे आला. टिळकांचे सहकारी बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा, ज्यांना मुंबईचे कामगार काका म्हणत, त्यांचं मूळ घराणंही उत्तनचंच. आम्हाला ईस्ट इंडियन म्हणतात. हे नाव १८८७ साली पक्कं झालं. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन निघाली, तेव्हा. त्याआधी आम्ही नुसते किरिस्ताव. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले इथलेच कोळी, आगरी, कुणबी, भंडारी. बाप्तिस्म्याने नावं बदलली. बोलणं, दळणकांडण आणि लग्नाचे विधी जागच्या जागी राहिले. वांद्र्या-अंधेरीतल्या कित्येक ईस्ट इंडियन घरांनी पुढे इंग्रजी धरली. आमच्या पट्टीत मात्र चर्चमधला मिस्साही मराठीत होतो.

आई २०११मध्ये गेली. तिच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली शाळेची दोनशे पानी वही मिळाली. तीत तिने लग्नाची आणि इंत्रुजची, म्हणजे उपासकाळाआधीच्या सणाची, गाणी लिहिली होती, सगळी रोमन लिपीत, कारण तिच्या पिढीने अक्षरं प्रार्थनेच्या पुस्तकातून ओळखली. मी ती देवनागरीत उतरवायला बसले आणि नकळत शुद्ध करत गेले. वहीत पानी होतं, मी पाणी लिहिलं. डोलाचा डोळा केला, घोराचा घोडा. चौथ्या पानावर गाणं तोंडात बसेना. आईच्या ओळीत ‘काला’ आणि ‘झाला’ समोरासमोर होते. माझ्या कागदावर ‘काळा’ आणि ‘झाला’. ती ‘घोरा’ला ‘पोरा’ जुळवून गेली होती, माझ्या ‘घोड्या’ला काहीच जुळेना. मी तिच्या कवितेची यमकं एकामागून एक मोडत चालले होते. तेवीस पानं फाडली आणि पुन्हा पहिल्यापासून, ती बोलायची तसं लिहिलं.

आमच्या या उच्चारांची नोंद नवीन नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५मध्ये निघाला, तो सगळा मराठीवर आहे. त्यात कोळी, आगरी, परभी यांच्या रांगेत ‘किरिस्ताव’ ही बोली मांडलेली आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या बोलींत ण ऐवजी न, ळ ऐवजी ल आणि ड ऐवजी र कसा येतो, तेही तिथे सांगितलंय. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी भाषेच्या जाणकारांनी आम्हाला मराठीच्या कपाटात ठेवलं होतं. तिथून धर्माच्या कपाटात आम्ही कधी गेलो, हे मला वाचनालयात बसून कळलं नाही.

ते कोडं निराळ्या बाजूने उकलायला लागलं ते स्कॉटलंडमध्ये. माझी मुलगी ग्लासगोला नर्स आहे. तिच्याकडे एक हिवाळा राहिले. ती ड्युटीवर गेली की मी मिचेल लायब्ररीत जाऊन बसायचे. रॉबर्ट बर्न्सच्या पुस्तकांचा जगातला एक मोठा संग्रह तिथे आहे. बर्न्स म्हणजे स्कॉटलंडचा कवी, शेतकऱ्याचा मुलगा, १७५९चा जन्म. त्याचं पहिलं पुस्तक १७८६मध्ये किल्मार्नक गावी छापलं, ६१२ प्रती. पुस्तकाच्या नावातच त्याने सांगून टाकलं होतं की या बहुतांशी स्कॉटिश बोलीतल्या कविता आहेत, आणि शहरी वाचकासाठी शेवटी शब्दार्थांची यादी जोडली. शब्द मात्र बदलले नाहीत. त्याच्या बोलीत घराला ‘हेम’ म्हणतात आणि ते ‘नेम’ला जुळतं. कोणी इंग्रजी शुद्ध करून ‘होम’ केलं की यमक गेलं. मी आईची वही आठवत त्या टेबलाशी बराच वेळ बसून राहिले.

बर्न्सच्या आयुष्यातली मला सगळ्यांत जवळची वाटलेली गोष्ट त्याच्या स्वतःच्या कवितांची नाही. लहानपणी त्याच्या घरी आईच्या नात्यातली बेटी डेव्हिडसन नावाची एक म्हातारी येई. भुताखेतांच्या गोष्टींचा आणि गाण्यांचा तिच्याकडे मोठा साठा होता, आणि आपल्या मनात कवितेचं बी तिनेच टाकलं, हे त्याने १७८७मधल्या एका पत्रात लिहून ठेवलं. आयुष्याची शेवटची काही वर्षं त्याने लोकांच्या तोंडची गाणी जमवण्यात घालवली. अबकारी खात्याची नोकरी सांभाळून, घोड्यावरून फिरता फिरता. जेम्स जॉन्सन नावाच्या एडिंबरोच्या कोरीवकाम करणाऱ्याने सहा भागांत गाण्यांचा जो संग्रह काढला, त्याला बर्न्सने सुमारे २०० गाणी दिली, काही जुनी, काही जुन्याला सांधलेली, आणि त्याचा एक पैसा घेतला नाही. जगभर ३१ डिसेंबरच्या रात्री म्हटल्या जाणाऱ्या ‘ऑल्ड लँग साइन’चे शब्द त्यातलेच. एका म्हाताऱ्याच्या तोंडून ते उतरवून घेतल्याचं तो सांगतो. गोराईच्या न्यू इयरच्या नाचात बँडवर त्या गाण्याची चाल मी लहानपणापासून ऐकत आले. रवींद्रनाथांनी त्याच चालीवर बंगाली गाणं बांधलं. एका म्हाताऱ्याचा गळा इतक्या लांबवर पोचला, कारण कोणीतरी वेळेवर शेजारी बसून लिहून घेतलं.

परत आल्यावर मी एशियाटिकच्या पायऱ्या चढले. टाउन हॉलमधलं ते ग्रंथालय ज्या संस्थेचं, तिची सुरुवात १८०४मध्ये जेम्स मॅकिंटॉशने केली. तो इन्व्हर्नेसकडचा, स्कॉटिश. तिथे मी ठाणे जिल्ह्याचं १८८२चं गॅझेटियर काढलं. त्याचे संपादक जेम्स कॅम्पबेल, तेही स्कॉटिश. आणि मग ‘इंडियन अँटिक्वरी’चे जुने खंड. हे मासिक मुंबईत १८७२मध्ये सुरू करणारे जेम्स बर्जेस जन्मले डम्फ्रीसजवळच्या किर्कमाहो गावी. बर्न्सने अखेरचा श्वास घेतला ते डम्फ्रीस तिथून चार-पाच मैलांवर. या मासिकात १८८०च्या दशकाच्या अखेरीपासून ‘साष्टीतलं लोकसाहित्य’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली गोष्टींची मालिका आली. लिहिणारे जी. एफ. डिपेन्हा आमच्यापैकीच. साष्टीतल्या चालीरीतींवर आणि समजुतींवरही त्यांनी १८९९मध्ये लिहिलं. त्या पिवळ्या पानांवर मला माझ्या आजीच्या गोष्टींची हाडं ओळखू आली. पण त्यांच्यावर आजीच्या बोलण्याचं मांस नव्हतं, कारण गोष्टी इंग्रजीत उतरवलेल्या होत्या. डिपेन्हांनी जे केलं त्याचं ऋण मी मानते. त्यांनी लिहिलं नसतं तर हाडंही उरली नसती. तरी तिथे बसून मला चुटपुट लागली, की आपल्या माणसाने आपली गोष्ट परक्या भाषेत ठेवली आणि ती गोष्ट मराठीच्या वाचकापर्यंत आलीच नाही.

या हकिगतीत मला जे दिसतं ते असं. बर्जेस, कॅम्पबेल यांच्यासारख्यांनी आमच्याबद्दल लिहून ठेवलं. त्याच वेळी त्यांच्या मायदेशात गाण्यांची कदर वाढत गेली. १९५१मध्ये एडिंबरो विद्यापीठाने स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज काढलं आणि माणसांच्या हाती ध्वनिमुद्रणयंत्रं देऊन त्यांना बेटांवर, शेतांवर, भटक्यांच्या तंबूंत पाठवलं. त्यातलं हजारो तासांचं मुद्रण ‘टोबर अन दुआल्खाइश’ या नावाने २०१०पासून कोणालाही घरबसल्या ऐकता येतं. मी ग्लासगोत कानाला यंत्र लावून बाहेरच्या हेब्रिडीज बेटांवरच्या बायकांची गाणी ऐकली. विणलेलं ओलं लोकरी कापड फळीवर आपटून दाट करताना त्या गात असत. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या उचलतात आणि मागे सतत कापडाचा थप-थप आवाज. मला गेलिकचा एक शब्द कळला नाही. तरी आमच्या ओसरीवरचं उखळ मला स्पष्ट ऐकू आलं. प्रत्येक नोंदीशेजारी गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तारीख आणि मुद्रण करणाऱ्याचं नाव होतं. ग्रंथपालाला याहून सुंदर तालिकापत्र काय असणार?

महाराष्ट्रात हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्या जमवल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीचे खंडामागून खंड काढले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, पुढे त्यांतल्या पुष्कळ बायकांच्या आवाजात मुद्रित झाल्या आणि आज त्या ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात, बाईच्या नावागावासह. मुळशी-मावळातल्या बाईला जी जागा मिळाली, ती खाडीपलीकडच्या बाईलाही मिळावी एवढंच माझं मागणं आहे.

२०२४च्या ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दिवशी मी पेढे वाटले. तेव्हापासून जुन्या पोथ्या, ताम्रपट, शिलालेख यांच्याबद्दल बोललं जातंय, ते व्हायलाच हवं. पण पोथी पन्नास वर्षं वाट बघू शकते. आमच्या वाडीत उंबराच्या पाण्याची, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून पाणी आणतानाची, गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत येणाऱ्या बायका आता पाच आहेत. दोन वर्षांपूर्वी सात होत्या. अभिजात दर्जामुळे जे काम उभं राहील, त्यात बोलींच्या आवाजाचा हिस्सा पहिल्या वर्षापासून ठेवावा, आणि त्यात किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती बोली मराठी म्हणून धराव्यात. वसईच्या सामवेदी आणि वाडवळी बोलणाऱ्यांनी, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या मराठी लेखकांच्या पुढाकाराने, साहित्याच्या अंगणात आपली जागा केली. फादर दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरीही ग्रंथालयाच्या तालिकेत ‘ख्रिस्ती’ हा शब्द आला की पुस्तक आपोआप धर्माकडे सरकतं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. हे बदलायला निधी लागत नाही, एक पेन्सिल आणि खोडरबर पुरतो.

मुद्रणालाही फार पैसा लागत नाही. आमच्या मुलांकडे चांगले फोन आहेत, त्यांचे रील मी आवडीने बघते. पण रीलमध्ये गाण्याचे तीस सेकंद असतात आणि गाणारीचं नाव नसतं. त्याच मुलांना कोणी दोन दिवस बसवून शिकवलं, की बाईची परवानगी आधी घ्यायची, नाव-गाव-तारीख आधी बोलायची, पूर्ण गाणं घ्यायचं, मग ब्रास बँड थांबेपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल, तर एका लग्नसराईत मनोरीपासून उत्तनपर्यंतचं बरंच काम उरकेल. मुद्रणाची एक प्रत विद्यापीठात जावी, एक मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयात आणि एक गावातच राहावी, शाळेत किंवा मनोरीत ईस्ट इंडियनांच्या जुन्या वस्तूंचं जे संग्रहालय आहे तशा ठिकाणी. गावातली प्रत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती नसेल, तर पणतीला पणजीचा आवाज ऐकायला फोर्टात जावं लागेल.

सणांचंही असंच. स्कॉटलंडमध्ये चर्चच्या कडकपणामुळे नाताळ कित्येक शतकं दबून राहिला, १९५८पर्यंत त्या दिवशी सुट्टीही नव्हती. लोकांनी सगळा उत्साह वर्षअखेरच्या रात्रीवर, हॉगमनेवर ओतला. स्टोनहेवन गावात मध्यरात्री तारेच्या जाळीतले पेटते गोळे डोक्याभोवती फिरवत लोक रस्त्यातून जातात. आमच्याकडे पोरं गवत आणि जुनी पँट-शर्ट भरून म्हातारा बनवतात, त्याला रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पैसे मागतात आणि बारा वाजता जाळतात. सरतं वर्ष पेटवून द्यायची ओढ दोन्हीकडे सारखी. तिथल्या पेटत्या गोळ्यांबद्दल वाचायला मला ग्लासगोत अर्धं कपाट मिळालं. आमच्या म्हाताऱ्याबद्दल मला मराठीत पानभर मजकूर सापडला नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा येतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. ६ जानेवारीला तीन राजांचा सण येतो, आणि आमचं चर्च त्यांच्याच नावाचं आहे. या दिवसांची, फुगे नावाचा पदार्थ तळतानाची गंमतगाणी, बायकांनी एकमेकींना घातलेली कोडी, हे सगळं आज तोंडावर आहे.

गेल्या वर्षी डिसेंबरात भाचीचं लग्न होतं. आदल्या दिवशी उंबराचं पाणी. मी मावशीला चार दिवस आधीच गाठलं, ओसरीवर बसवलं, फोन सुरू केला आणि म्हटलं, गा. ती गप्प. दोन शब्द म्हणाली आणि थांबली. तिला ८३ वर्षं झालीत, मला वाटलं विसरली. तर ती म्हणाली, बावीवर गेल्याशिवाय ते तोंडात येत नाही. मला आधी कळायला हवं होतं. हेब्रिडीजच्या त्या बायकांना कापड लागलं होतं, हिला विहीर लागणार.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड पुढे निघून गेल्यावर आम्ही पाचजणी विहिरीपाशी मागे राहिलो. मावशीने लुगड्याचा पदर खोचला. कळशीला दोर लावून आत सोडली आणि कळशी पाण्याला लागल्याचा आवाज आला तशी तिने पहिली ओळ टाकली. बाकीच्या चौघींनी उचलली. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. मधे एका ठिकाणी रहाटाची चाकी करकरते, एका ठिकाणी मावशीला खोकला येतो, आणि लांबून बँडचा ढोल ऐकू येतो. मी त्यातलं काहीही कापलेलं नाही.

रात्री आईच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी नोंद केली. गाणारीचं नाव, गाव, तारीख, वेळ, सोबतच्या चौघींची नावं. ‘गाण्याचं नाव’ या रकान्याशी अडले आणि मावशीला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. गाण्याला कशाला नाव हवं, पाणी काढताना म्हणतात ते गाणं, असं ती तिच्या बोलीत म्हणाली. मी रकान्यात तेच लिहिलं, पानी काढायचं गाणं, न नळाचा.